गयाबाईच्या चुलीवरचा डोम

पत्र्यावर आम्ही दोघंच होतो. मी आणि वानर.

मी पोटावर पालथा पडलो होतो. वानर डोमवर बसलं होतं. डोम मी बसवलेला. त्यामुळं खरं तर तिथं बसायचा हक्क माझा जास्त होता. पण हे वानराला कोण सांगणार?

खालून गयाबाईंचा आवाज आला, "विलासभाऊ, हाय का गेलं?"

"हाय," मी म्हणालो.

"मंग तुमी काय करायलाव?"

"मी पण हाय."

खाली भाकरी थापायचा आवाज सुरू झाला.

मी सेलूत ॲक्रिलिकचं काम करतो. ॲक्रिलिक म्हणजे काचेसारखं दिसणारं, पण काचेपेक्षा हलकं प्लास्टिक. दवाखान्यांच्या पाट्या, दुकानांचे लाईटवाले बोर्ड, शाळांच्या ट्रॉफ्या, लग्नाच्या स्टेजवर लावायची नवरानवरीची नावं, हे सगळं माझ्याकडं बनतं. सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांच्या पुष्कळ तक्रारी ऐकल्या. रंग उडाला, अक्षर वाकडं लागलं, नवरीच्या नावाची वेलांटी चुकली. पण 'तुमच्या कामावर कुणीतरी येऊन बसतंय' ही तक्रार पहिलीच.

झालं असं, की सेलूतल्या एका जिनिंगमध्ये छप्पर बदलायचं काम निघालं. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. त्याच्या जुन्या छपरात उजेडासाठी डोम बसवलेले होते. डोम म्हणजे पारदर्शक ॲक्रिलिकचा घुमट. पावणेतीन फूट रुंद, मोठ्या टोपल्यासारखा. छपराला भोक पाडायचं, वर हा पालथा घालायचा, दिवसा लाईट लावायची गरज नाही. नव्या छपराच्या डिझाईनमध्ये डोम नव्हते. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून घेतलं.

"अकरा नग आहेत. तुमच्या उपयोगाचे असतील तर घेऊन जा. नाहीतर उद्या भंगारवाला येतोय."

"कंडिशन कशी आहे साहेब?"

"वीस वर्षं परभणीच्या उन्हात आहेत. त्या मानानं ते माझ्यापेक्षा बरे आहेत."

मी टेम्पो घेऊन गेलो आणि अकराच्या अकरा उचलून आणले. कापसाच्या गर्द्यानं आणि धुळीनं घासून घासून ते पांढुरके झाले होते. मोतीबिंदूच्या डोळ्यासारखे. दुकानात ठेवले तर दुकानात मला जागा उरली नाही. घरी अंगणात रचले.

मंदा, म्हणजे माझी बायको, बाहेर आली. म्हणाली, "हे कशाला आणले?"

"लोकांच्या घरी लय उपयोग होतो ह्यांचा."

"काय उपयोग?"

याचं उत्तर आठ दिवसांत लोकांनीच काढलं. एक मंदानं स्वतः घेतला. कुरडयांवर झाकायला. कावळे वर बसून आत बघत राहायचे, चोच मारता यायची नाही, आणि ते बघून तिला फार समाधान मिळायचं. एक ताडकळसच्या माझ्या साडूनं मिरचीच्या रोपांवर घालायला नेला. एक कोंबडीच्या पिल्लांसाठी गेला. पिल्लांना बाहेरचं सगळं दिसायचं, मध्ये काही आहे हे दिसायचं नाही, म्हणून ती दिवसभर धडका घ्यायची. शेवटी आतून खाली गोल पुठ्ठा लावून दिला. शेजाऱ्यांनी एक उलटा ठेवून त्यात नातवाला अंघोळ घालायला सुरुवात केली. नातू खूश होता, पण उठताना टोपलं डुलायचं आणि तो पुन्हा आत बसायचा.

अशा रीतीनं चार संपले. उरलेल्यांमधून सगळ्यात चांगला एक निवडला आणि त्याला पॉलिश करायला घेतलं. घासलेलं ॲक्रिलिक पुन्हा लख्ख करता येतं. आधी बारीक वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर. मग त्याहून बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी मशीनला कापडी चाक लावून बफिंग. दोन दिवस घालवले मी त्या एका डोमवर. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यात माझा चेहरा दिसला. दाढी वाढलेली आहे हेसुद्धा दिसलं. असं फिनिशिंग कंपनीतून पण येत नाही, हे मी त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं.

त्यातले एक रसूलभाई. देवगाव फाट्यावर त्यांचा ढाबा आहे आणि ढाब्याचा बोर्ड माझा आहे. ते बोर्डावर 'चुलीवरची भाकर' हे शब्द मोठे करून मागायला आले होते.

"पण बोलून फायदा काय विलासभाई," ते खुर्चीत बसत म्हणाले. "भाकरच बिघडायली. एक बाजू काळी, एक बाजू कच्ची. परवा गिऱ्हाईक बोलतं, ये भाकर है या नकाशा?"

"गयाबाईच करतात ना?"

"हौ. हात तोच है. आँख गई. आणि तिच्या सैपाकघरात दिवसा रात है."

गयाबाईंचं घर फाट्यापासून जवळच, मेंढरांच्या वाड्याला लागून. नवरा सोपानराव मेंढरं राखतात. गयाबाई पंधरा वर्षांपासून ढाब्यासाठी रोज सकाळी सत्तर-ऐंशी भाकरी करतात. आता पन्नाशी ओलांडली, नजर कमी झाली. चष्मा घेतला तर त्यावर पीठ बसतं. स्वयंपाकघर पत्र्याचं. एका बाजूला मेंढरं, दुसऱ्या बाजूला कडबा, त्यामुळं खिडकी काढायला जागाच नाही. बल्ब आहे, पण त्याच्याकडून अपेक्षा ठेवायची नाही.

माझ्या डोक्यात लगेच लाईट लागली. मी रसूलभाईंना आत नेऊन पॉलिश केलेला डोम दाखवला. त्यांनी त्यात बघून मिशीवरून हात फिरवला.

"ये बिठाव तिच्या घरावर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सामान घेऊन गेलो. गयाबाई दारातच उभ्या होत्या. उंच, सडपातळ बाई, कोपरापर्यंत पीठ.

"हे टोपलं वर घालनार तुमी?"

"हो."

"आन् पाऊस आला मंजी?"

मी समजावून सांगितलं. डोम सरळ पत्र्यावर ठेवायचा नसतो. आधी भोकाभोवती चार-पाच इंच उंचीची लोखंडी चौकट करायची. आमच्या भाषेत कर्ब. म्हणजे पत्र्यावरून वाहणारं पाणी आत येत नाही. चौकटीवर डोम बसवायचा. स्क्रूसाठी डोमला भोकं पाडायची, ती स्क्रूपेक्षा मोठी. कारण ॲक्रिलिक उन्हात फुगतं. हलायला जागा दिली नाही तर भोकापासून तडा जातो.

"भोक ढिल्लं ठिवलं की पानी गळंल की मंग."

"त्याच्यासाठी सिलिकॉन भरायचा."

"त्ये काय आस्तं?"

"चिकट असतं. मध्ये भरलं की पाणी थांबतं."

"मंग तसं म्हना की. सिलिकान काय सिलिकान!"

संध्याकाळपर्यंत काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम रिझल्ट बघायला गेलो. स्वयंपाकघराच्या मधोमध उजेडाचा गोल पडला होता. गयाबाई चुलीपुढं बसून नुसत्या इकडं तिकडं बघत होत्या. भिंत किती काळी आहे हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं. मग त्या उठल्या आणि वरच्या फळीवर हात घातला. मागच्या बाजूनं एक पितळी पळी निघाली.

"ही पळी जावंनं न्हेली म्हनून मी दोन वर्सं तिच्याशी बोलले न्हाई," त्या म्हणाल्या.

"मग आता?"

त्यांनी पळी पदरानं पुसली, पुन्हा फळीच्या मागं ठेवून दिली. "आता काय सांगायचं न्हाई तिला. लय हासंल ती."

भाकरी सुधारल्या. रसूलभाईंचा फोन आला, "विलासभाई, आज भाकर ऐसी आई, मैं खुद दो खाया." बोर्डावरची अक्षरं मोठी करून दिली. काम संपलं असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी गयाबाईंचा फोन आला.

"विलासभाऊ, तुमच्या टोपल्यावर वानर बसायलंय."

"बसू द्या. उठून जाईल."

"सा दिवस झाले."

"मग काही खराब केलं का त्यानं?"

"खराब न्हाई वो. पन मी भाकर थापायलेय, वर बगावं तर... आता फोनवर काय सांगू तुमाला! तुमी या आन् सोता बगा."

मी गेलो. सकाळचे साडेनऊ झाले असतील. चुलीपुढं बसून वर बघितलं.

माझ्या धंद्यात क्लिअर व्ह्यू हा शब्द आम्ही रोज वापरतो. गिऱ्हाइकाला पुढून, बाजूनं, वरून व्ह्यू दाखवतो. पण खालून असा व्ह्यू मी आयुष्यात बघितला नव्हता. वानर मधोमध बसलेलं होतं. ऐसपैस. सगळं वजन टाकून. शेपूट एका बाजूनं खाली सोडलेलं. ॲक्रिलिकची क्वालिटी इतकी चांगली होती की काहीही लपत नव्हतं.

"बगितलं का?" गयाबाई तोंड दुसरीकडं करून म्हणाल्या.

"बघितलं."

"रोज सकाळी ह्येच बगून मी भाकरी करायलेय."

तक्रार नुसती लाजेची नव्हती. वानर बसलं की उजेडाच्या जागी सावली पडायची. ते हललं की सावली तव्यावर हलायची. मध्येच ते वाकून कडेनं खाली तोंड घालायचं, दात दाखवायचं आणि डोमवर चापट मारायचं. त्या दणक्यानं गयाबाई दचकायच्या. एकदा तर थापलेली भाकर तव्याऐवजी सोपानरावांच्या पाठीवर पडली. भाकरी पुन्हा करपायला लागल्या होत्या. शिवाय गल्लीतल्या बायका 'चहा प्यायला' येऊ लागल्या. चहा कुणालाच नको असायचा. सगळ्या वर बघून तोंडाला पदर लावून परत जायच्या.

"त्याला भाकरीचा वास यायलाय," सोपानराव म्हणाले. "भाकर दिसायली त्याला वरून. मनून बसायलंय."

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. चुलीवर भाकरी, वर काच, काचेवर वानर. यात विचार करण्यासारखं काय आहे? सोपानरावांनी कमरेची गोफण सोडली. मी त्यांचा हात धरला. ॲक्रिलिक काचेपेक्षा दणकट असलं तरी गोफणीच्या दगडासाठी बनवलेलं नसतं.

पहिला उपाय साधा केला. वानराला दुसरीकडं जेवायला घालायचं. लांब लिंबाखाली दोन भाकरी ठेवल्या. वानर उतरलं, भाकरी उचलल्या, डोमवर परत जाऊन बसलं आणि तिथं बसून जेवलं. भाकरीचा चुरा डोमवर सांडला तो वेचायला चिमण्या आल्या. म्हणजे आता गर्दी वाढली.

दुसरा उपाय माझा. मी बाजारातून रबरी साप आणला. चांगला चार फुटी, काळा, फणा काढलेला. तो डोमवर गुंडाळून ठेवला आणि आम्ही तिघं खाली बसलो. वानर आलं. थांबलं. एक डोळा सापावर ठेवून दोनदा गोल फिरलं. मग शेपटीला धरून साप उचलला, वास घेतला आणि मागं फेकून दिला. मागं धुराड्याचं भोक होतं. साप तिथून सरळ खाली, पिठाच्या परातीत.

गयाबाई साप खोटा आहे हे जाणत होत्या. आणायच्या वेळी त्यांनी हातात घेऊन बघितला होता. तरीपण त्या ज्या आवाजात ओरडल्या, त्यानं वानर पहिल्यांदा पळालं. म्हणून मला क्षणभर वाटलं की उपाय लागू पडला. पाच मिनिटांनी ते परत आलं.

तिसरा उपाय रसूलभाईंचा. ते स्वतः मोटारसायकलवर आले, कारण आठवडाभर करपलेल्या भाकरी त्यांच्या गिऱ्हाइकांनी परत पाठवल्या होत्या.

"वाघाचा आवाज," ते म्हणाले. "मोबाईल में है. स्पीकर लाया मैं."

स्पीकर लग्नातला होता. मोठा. तो त्यांनी कडब्यावर ठेवला, तोंड पत्र्याकडं केलं आणि आवाज पूर्ण वाढवला. वाघ ओरडला. खरंच चांगलं रेकॉर्डिंग होतं. मी स्वतः दोन पावलं मागं सरकलो.

वानरानं स्पीकरकडं एकदा बघितलं आणि काख खाजवली.

पण भिंतीपलीकडं सोपानरावांची मेंढरं होती. त्यांनी वाघ कधी बघितला नव्हता, तरी त्यांना काय करायचं ते माहीत होतं. वाड्याच्या काट्या मोडल्या, फाटक पडलं आणि पन्नासेक मेंढरं एका लोंढ्यानं फाट्याकडं सुटली. एक मेंढरू पळालं की बाकीची कारण विचारत नाहीत. त्यांच्यामागं सोपानराव, त्यांच्यामागं मी, सगळ्यात मागं मोटारसायकलवर रसूलभाई. आणि घाईत स्पीकर बंद करायचा राहिला होता. त्यामुळं मेंढरांनी कुठं वळून बघितलंच, तर वाघ अजून ओरडतच होता.

मेंढरं थांबली ती सरळ रसूलभाईंच्या ढाब्यात. रस्त्यावर एसटी उभी राहिली, तिच्यामागं उसाचे दोन ट्रॅक्टर. ढाब्यात बाजेवर एक एडका चढून गिऱ्हाइकाच्या ताटातला कांदा खात होता. गिऱ्हाईक ताट सोडून टेबलावर उभं होतं आणि मोबाईलवर शूटिंग करत होतं. सोपानरावांनी अर्ध्या तासात सगळी गोळा केली आणि मोजली. पुन्हा मोजली.

"येक जास्ती भरायलंय," ते म्हणाले.

ते कुणाचं होतं हे संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

रसूलभाई आडव्या झालेल्या खुर्च्या उचलत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बस हो गया भाई. मेरे को भाकर होना, सर्कस नक्को. सोमवारपर्यंत बघतो. नाहीतर तंदूर लावतो मी. चुलीवरची भाकर बंद. बोर्डावरून पण काढून टाक."

हे मी गयाबाईंना सांगितलं. मला वाटलं त्या फाडकन काहीतरी बोलतील. त्या परातीला चिकटलेलं पीठ नखानं काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "काढा तुमचं टोपलं. अंधारात करपत व्हत्या, पन येवडा तमाशा न्हवता."

"काढलं तरी भाकरी करपणारच ना?"

"मंग करपतील. काय करू? मला दुसरं काय येतंय का?" आणि हळू म्हणाल्या, "उजेड लय चांगला व्हता वो."

गिऱ्हाईक भांडलं तर मला काही वाटत नाही, सवय आहे. पण चांगलं होतं म्हणून परत घ्या, असं कुणी म्हटलं की झोप येत नाही. मी म्हणालो, "उद्याचा एक दिवस द्या. मी वर जाऊन बघतो."

"वर काय बगनार?"

"ते वर जाऊन काय बघतंय, ते बघतो."

आणि म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र्यावर होतो. पत्र्यावर चालायची एक रीत आहे. स्क्रूच्या रांगेवरच पाय टाकायचा, कारण त्याच्याखाली पाईप असतो. मधे पाय टाकला तर आपणच खाली डोम व्हायचो. मी त्या रांगेवरून पोटानं सरकत, वानराला दिसेल असा, अगदी हळू डोमपर्यंत गेलो. वानर उठलं. दोन हात बाजूला सरकून बसलं आणि माझ्याकडं बघायला लागलं. शिकाऊ कामगार काय करतोय हे साहेब बघतात तसं.

मी डोमजवळ तोंड नेऊन आत वाकून बघितलं. गयाबाई दिसतील, तवा दिसेल, भाकर दिसेल.

काहीही दिसलं नाही. दिसलो तो मी. गोल, फुगलेला, नाक मोठं, माझ्या मागं निळं आभाळ. आत अंधार, बाहेर ऊन, वर आरशासारखं पॉलिश. दिवसा बाहेरून आत दिसणारच नव्हतं. नव्या दुकानाच्या काळ्या काचेत लोक केस विंचरतात, तेच. सव्वीस वर्षं मी हे गिऱ्हाइकांना शिकवतो.

म्हणजे वानराला भाकरीशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याला तिथं दुसरं वानर दिसत होतं. रोज त्याच जागी, त्याच वेळी. यानं दात दाखवले की तेही दाखवायचं. यानं चापट मारली की तेही मारायचं. शेवटी हे त्याच्या डोक्यावर चढून बसायचं, आणि मधून मधून कडेनं वाकून बघायचं की अजून आहे का गेलं. ते असायचंच. बिचाऱ्याला आठवडाभर उठायची सोय नव्हती.

हे सगळं माझ्या डोक्यात जुळत होतं, तेवढ्यात डोममध्ये माझ्या चेहऱ्याशेजारी दुसरा चेहरा आला. काळा. वानर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होतं. त्यानं डोममधलं वानर बघितलं. डोममधला मी बघितला. मग मान वळवून खरा मी बघितला. आता तिथं आपल्या शत्रूनं माणूस आणलाय, असं त्याला वाटलं असावं.

त्यानं 'हूप' केलं. माझ्या कानात.

मी स्क्रूच्या रांगेवरून गेलो की नाही, मला आठवत नाही. मी कडब्याच्या गंजीवर पडलो एवढं आठवतं. सोपानराव धावत आले.

"लागलं का?"

"पॉलिश," मी म्हणालो. "पॉलिशमुळं झालंय."

"डोक्याला लागलंय ह्यांच्या," सोपानराव आत ओरडून म्हणाले.

मी उठून, अंगावरचा कडबा झाडत दोघांना समजावून सांगितलं. हेच डोम वीस वर्षं जिनिंगच्या छपरावर होते. तिथं मागं चिंचेची झाडं, झाडांवर वानरांची टोळी. एकही वानर कधी डोमवर बसलं नव्हतं, कारण डोम पांढुरके होते, त्यात काही दिसत नव्हतं. मी दोन दिवस घासून त्याचा आरसा केला.

गयाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मंजी वानराला तोंड बगायची सोय तुमीच केली."

"हो."

"आन् मला दुसरं बगायची."

मी सामानातून जाड पॉलिश पेपर काढला, बादलीत पाणी घेतलं आणि वर गेलो. वानर लिंबावर जाऊन बसलं होतं. मी डोमवर पाणी टाकलं आणि गोल गोल घासायला सुरुवात केली. पहिला हात फिरवताना जीव तुटला. स्वतःच्या हातानं लिहिलेलं नाव पुसावं तसं वाटलं. दोन दिवसांचं काम वीस मिनिटांत गेलं. डोम पुन्हा पांढुरका झाला, ताकाच्या रंगाचा.

खाली उतरून आत गेलो, उजेड कमी झाला असेल म्हणून मन घट्ट करून. कमी झाला नव्हता. आधी मधोमध उन्हाचा एक झगझगीत गोल पडायचा आणि कोपरे काळेच राहायचे. आता उजेड सगळीकडं सारखा पसरला होता. पिठाचा डबा दिसत होता, तवा दिसत होता, भाकरीवरची बोटं दिसत होती. तव्यावर डोळे दिपवणारी तिरीप नव्हती. गयाबाईंनी एक भाकर टाकली, उलटली, चुलीला लावली. टम्म फुगली.

"ह्ये आदी कामून न्हाई केलं?" त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी रसूलभाई स्वतः आले. आम्ही चौघं स्वयंपाकघरात माना वर करून बसलो. साडेनऊला पत्रा वाजला. डोमवर एक धूसर सावली आली. ती थांबली. गोल फिरली. एक हात टेकला, काढला. पलीकडच्या बाजूनं येऊन पुन्हा बघितलं. एकदा हळूच टकटक केलं, कुणाचं दार वाजवावं तसं.

"गेलं बाबा त्ये," गयाबाई वर बघून म्हणाल्या. "न्हाई येत आता."

सावली थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग पत्र्यावर मोठमोठ्या उड्या मारल्याचा आवाज आला, एक लांब 'हूप' झालं, आणि ते गेलं. जिंकल्यासारखं गेलं. सोपानरावांना त्या 'हूप'मध्ये वानराला थोडं वाईट वाटल्याचंही ऐकू आलं. मला नाही आलं.

रसूलभाईंनी तव्यावरची भाकर उचलली, मोडली, खाल्ली. "तंदूरवाल्याला फोन करतो," ते म्हणाले. "नक्को बोलून." गयाबाईंनी तोंड चुलीकडं केलं आणि उगाच लाकूड सारलं. पुढची भाकर त्यांनी मला दिली. वर लोणी घातलं, जे रसूलभाईंना दिलं नव्हतं.

त्याच्यानंतर आजूबाजूच्या वस्त्यांवर माझे आणखी चार डोम लागले. आता मी ते दुकानातच घासून, धूसर करून नेतो. सुरुवातीला गिऱ्हाईक हात फिरवून नाराज व्हायचं. "हे तर घासलेलं दिसायलंय. जुना माल हाय का?" मी खरं कारण सांगायचो. वानर, आरसा, शत्रू, सगळं. लोक ऐकून घ्यायचे, एकमेकांकडं बघायचे आणि विचार करून सांगतो म्हणायचे. एकाही माणसानं परत येऊन काही सांगितलं नाही.

मग मी सांगायचं बदललं. "हा फ्रॉस्टेड आहे," म्हणतो. "हैदराबादला मोठ्या बंगल्यांत हाच चालतो."

लगेच घेतात. वर विचारतात, अजून जास्त फ्रॉस्टेड मिळेल का?